काकांना साक्षीदार हवा होता

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी आणि तरीही इतका लाघवी माणूस अख्ख्या घणसोलीत दुसरा नसेल. गावठाणातलं जुनं घर भाड्याने देऊन ते मुलासुनेबरोबर आमच्या टॉवरमध्ये राहायला आले, ते जणू टॉवरची तपासणी करायलाच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला आधी तीनदा वरखाली करायला लावत, मगच आत पाऊल टाकत. मासळी घेताना ती कधी पकडली हे न विचारता कोणी पकडली हे विचारत, आणि नाव ओळखीचं निघालं तरच पिशवी उघडत. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की, तुमच्या वडिलांना हीच दिली असती का, असं विचारून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसत.

गेल्या वर्षी त्यांनी एक कागद करायचं ठरवलं. आपल्याला बोलता येईनासं झालं, तर उपचार कुठवर करायचे आणि कुठे थांबायचं हे आपल्या वतीने सुनेने ठरवावं, असा. काका हे समजून-उमजून, कुणाच्या दबावाशिवाय करताहेत, असं सांगणारे दोन साक्षीदार नोटरीपुढे लागणार होते. एक त्यांचे डॉक्टर ठरले. दुसरा मीच, याबद्दल मला शंका नव्हती; अकरा वर्षं रोज आम्ही गप्पा मारत बसत होतो.

पण काकांनी परीक्षा सुरू केली. भेटेल त्याला ते गंभीरपणे सांगू लागले की गच्चीवर म्हैस पाळायचा विचार आहे. जो "छान, काका" म्हणेल, त्याचं नाव बाद. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंशी पार्किंगवरून त्यांचं चार वर्षं बोलणं नव्हतं, म्हणून त्यांना म्हशीचा लेखी अर्ज दिला. बाईंनी तो लाल शाईने नामंजूर करून परत पाठवला आणि निवड झाली.

मी जरा दुखावूनच विचारलं, मी का नाही? काका म्हणाले, "तू माज्याशी कवा भांडलास? होला हो करनारा मानूस साक्षीला काय कामाचा?"

नोटरीकडे मी नुसता सोबत गेलो. सेक्रेटरीबाईंनी मुलाला आणि सुनेला बाहेर बसवलं आणि मग विचारलं, मुलगा असताना सून का? काका टेबलाकडे बघतच बोलू लागले.

"माजी बायको गेली तवा पोरगा नुसता रडत व्हता. डॉक्टरला बोलत व्हता, काय पन करा, पन थांबू नका. सून एकलीच इचारत व्हती, आईंना काय पायजे हाय. पोराचा दोष नाय. त्याला जमनार नाय, ते त्याच्यावर कशाला टाकू?"

बाईंनी तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. उत्तर बदललं नाही, तेव्हा त्यांनी सही केली.

यंदा उन्हाळ्यात तो कागद कपाटातून काढावा लागला. सुनेने तो वाचून दाखवला आणि सगळ्यांत आधी मान हलवली ती मुलाने. काकांना हॉस्पिटलातून घरी आणलं. तीन दिवसांनी स्वतःच्या पलंगावरच त्यांनी प्राण सोडला. तेराव्याला सेक्रेटरीबाई त्यांच्या भांडणांचे किस्से सांगत होत्या आणि लोक हसता हसता डोळे पुसत होते. मग सगळे माझ्याकडे वळले. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. आमचं नेहमी पटायचं, एवढंच म्हणालो.