डाव्या हाताचा नियम

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारा एक मुलगा रोव्हर आहे, म्हणजे मोठ्या वयाचा स्काऊट. गेटवर त्याचे सोबती भेटले, की ते एकमेकांशी डावा हात मिळवतात. मला मात्र दुरूनच नमस्कार. एकदा न राहवून विचारलंच, तर म्हणाला, "डावा हात आमचा आपसात, काका. नियम आहे." ‘नियम आहे’ हे तो असं हसत सांगतो, की नियम त्याचा लाडका भाचाच असावा.

यंदा त्याला रोव्हरांच्या परदेशातल्या मेळाव्याला जायचं होतं. पण तिथे पंचविशीपर्यंतच भाग घेता येतो, आणि ह्याचा सव्विसावा वाढदिवस नुकताच झालेला.

"मग आता?" मी विचारलं.

"स्वयंसेवक म्हणून जाता येतं, काका. मी स्वयंपाकघरात भांडी घासणार."

"भांडी घासायला विमानाने? आमच्याकडे ये की, जिन्याने येता येईल."



गणपतीत सोसायटीच्या महाप्रसादानंतर पाहतो तर हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भाताच्या करपलेल्या पातेल्यात जवळजवळ अर्धा शिरलेला.

"तुम्हीच बोलावलं होतं ना, काका? सरावही होतोय."

मला टोमणा मारता येतो, परत घेता येत नाही. मी डावा हात पुढे केला. त्याने हाताकडे पाहिलं, आपला ओला डावा हात पँटला पुसला आणि माझा हात घट्ट धरला.

नियम काही सांगितला नाही.