मिस्त्रीचाचा आणि एक सुई

यंत्रावर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण यंत्रावर एवढा जीव आणि त्यात बसायची एवढी धास्ती, या दोन्ही गोष्टी एकाच देहात नांदताना पाहिल्या त्या फक्त आमच्या मिस्त्रीचाचांच्या ठायी. भूमच्या आसपास त्यांच्या हाताखालून न गेलेली एकही मोटार नव्हती, पण एकाही मोटारीत त्यांनी पाय ठेवला नव्हता. दहा मैलांवर गाडी बंद पडली तर हत्यारांचं पोतं खांद्यावर टाकून चालत जायचे, दुरुस्त करायचे आणि दुरुस्त गाडी धुरळा उडवत पुढे गेली की मागून चालत यायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "कारकूनसाहेब, गाडीत काय काय मोडतं ते तुमाला ठावं न्हाय, म्हणून तुमी बसता."

ड्रायव्हरच्या सांगण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ड्रायव्हर खोटं बोलतो, गाडी बोलत नाही, असं त्यांचं मत. म्हणून ते गाडी सावकाश चालवायला लावत आणि कमरेत वाकून, चाकाला कान लावल्यासारखे तिच्याबरोबर चालत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा चाकाला मुजरा करतोय. एका बड्या साहेबांची जीप तापली, तेव्हा त्यांनी साहेबांनाच उन्हात खाली उतरवलं. इंजिनाला दम खाऊ द्या, तुमीबी खावा, म्हणाले. साहेबांनी निमूटपणे दम खाल्ला.

महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आमच्या भागात पावसानं ओढ दिली होती आणि भूमच्या वरच्या डोंगरात तलावाचं टंचाईकाम सुरू होतं. मी तिथं हजेरी कारकून. वर पाण्याचा टिपूस नव्हता. खालच्या विहिरीचं पाणी लढाईतला एक जुना ट्रक वर आणायचा. त्याच्या चारही चाकांना जोर असल्यामुळं तो एकच ट्रक तो खडा चढ चढायचा. एका सकाळी त्याच्या पुढच्या चाकात कडाड आवाज झाला आणि तो चढाच्या पायथ्याशीच थांबला. रांजण तळाला गेलेले, वर शे-दीडशे माणसं, त्यात लेकुरवाळ्या बाया.

मिस्त्रीचाचा चालत आले. चाक काढलं, आतला दांडा बाहेर ओढला. त्या दांड्याचा सांधा, म्हणजे चाक वळलं तरी जोर पोचवणारा अधिक-चिन्हासारखा लोखंडी क्रॉस, मोडला होता. मोडीतल्या एका ट्रकचा क्रॉस चाचांनी तेलकट फडक्यात जपून ठेवला होता, तो त्यांनी काढला. त्याच्या चार टोकांवर चार वाट्या बसतात आणि प्रत्येक वाटीत ग्रीसमध्ये चिकटवलेल्या बारीक पोलादी सुया उभ्या असतात. शेवटची वाटी बसवताना एक सुई घसरली आणि धुळीत गडप झाली.

आम्ही सगळे गुडघ्यांवर आलो. घटकाभर शोधूनही सुई मिळेना. ऊन चढत होतं, वरून पोरांचं रडणं ऐकू येत होतं. माझा धीर सुटला. एका सुईनं काय होतंय, बसवा तशीच, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

चाचा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "एक कमी झाली की बाकीच्या कलंडत्यात. चढावर मोडलं तर ट्रक मागं येतंय, साहेब. मागं चालत येणारी माणसं असत्यात."

तेवढ्यात कामावरची एक पोक्त बाई, जी इतका वेळ लांबून पाहत होती, पायथ्याच्या एका झोपडीत गेली आणि सूप घेऊन आली. कुणाला काही न विचारता चाकाखालची माती तिनं सुपात भरली आणि जोंधळे पाखडावेत तशी पाखडायला लागली. धूळ उडून गेली, खडे उरले. तिसऱ्या सुपात खड्यांमध्ये सुई चमकली.

चाचांनी ती रॉकेलमध्ये धुतली, ग्रीसमध्ये बसवली, आणि मग हात पुसत बाईपुढं उभे राहिले. या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्या मिस्त्रीला बरं म्हटलं नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "तुमच्यासारखा मिस्त्री म्या बघितला न्हाय." दुपार कलायच्या आत ट्रक पाणी घेऊन वर गेला.

त्या दिवसापासून आमची जवळीक वाढली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ हैदराबादला जाऊन राहिला होता आणि दर ईदला पत्र पाठवून तो यांना कायमचं तिकडं बोलवायचा. चाचांना लिहिता येत नसे. माझं शिक्षण निजामी अमलात उर्दूत झालेलं, तेव्हा जबाब मीच लिही. चार वर्षं मी एकच ओळ लिहिली: पावसाळा सरला की येतो. पावसाळे सरत गेले.

माझी कळंबला बदली झाली, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी ते कोरं कार्ड घेऊन आले. सवयीनं मी ती ओळ लिहायला घेतली. त्यांनी माझा हात धरला. "औंदा 'येतो' लिहू नका," ते म्हणाले. "'तूच ये' म्हून लिहा."

मी लिहिलं. भाऊ आला की नाही, मला कधी कळलं नाही. कार्ड हातात घेऊन ते दारात उभे होते आणि शाई केव्हाच वाळली होती, तरी फुंकर घालत होते.