आईने पाहिलेलं भूत

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात भुताला प्रवेश नाही. आई हा नियम फार कडक पाळते. गावी शाळेच्या वाटेवरच्या चिंचेत भूत आहे म्हणून बाकीची पोरं वळसा घालून जायची. मला ती सरळ झाडाखालून पाठवायची. उशीर झाला तर मास्तर मारतील, भूत काही मारत नाही, असं तिचं म्हणणं. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्या या कडकपणामुळेच, असं मी आजही मानतो.

त्यामुळे परवा धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पेच पडला. माझ्या नववीतल्या मुलीच्या लाडक्या ॲनिमेचा नवा सीझन शनिवारी संध्याकाळी सुरू होणार होता. (त्याला जपानी कार्टून म्हटलेलं तिला खपत नाही.) मालिका विनोदी, पण भुतांची. आणि पोरीचा हट्ट असा, की पहिला भाग आजीला शेजारी बसवूनच पाहायचा. आजी दुसऱ्या दिवशी गावी परतणार होती.

आई म्हणाली, आपल्यात भूतबित चालत नाही. त्यावर माझ्या पुणेकर बायकोने शांतपणे विचारलं, की मग आईंच्या रोजच्या मालिकेतली ती दोनदा मेलेली सून कोण. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

बोलणं जपानी, खालची अक्षरं इंग्रजी. मुलगी भराभर मराठीत सांगत होती. एका वर्गात मागच्या बाकावर, परीक्षेआधीच मेलेल्या मुलाचं भूत बसायचं. शंका विचारायला त्याने हात वर केला, की मास्तर खिडकीतून उडी टाकायचे. मुलगी हसून लोळत होती, मीही हसलो. आई मात्र गंभीर. हळूहळू पोरीचं हसू ओसरलं. तिने रिमोट उचलला.

"बंद करू का, आजी?"

"थांब. ह्यो मास्तर पळतोय कशाला? पोरगं प्रश्न विचारतंय न्हवं?"

"अगं, पण भूत आहे ते. तूच म्हणतेस ना, भूत नसतं?"

"नसतंयच. पण शिकायला येऊन बसलंय, तर शिकवायला नको?"

तेवढ्यात मास्तरांनी पुन्हा उडी टाकली. आईने त्यांची अशी काही हजेरी घेतली, की तिला बिलगून बसलेल्या पोरीला पुढची अक्षरं वाचून दाखवायला सवडच मिळेना.