वाचून दाखवणारे मास्तर

मास्तर एसटीत चढले की गाडीतली माणसं बोलायची थांबत. अमळनेर-धुळे गाडीत तर हमखास. कुणीतरी शेजारच्याला कोपर मारून म्हणायचं, "लेखक उना, आते गप बसा!" आणि सासूचं गाऱ्हाणं सांगणारी बाई एकदम पीकपाण्यावर यायची. मास्तर सगळ्यांना रामराम करत मागच्या बाकावर जाऊन बसत. आपल्याला लोक भितात हे त्यांना ठाऊक होतं. त्याहून जास्त ते लोकांना भीत, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एसटीत कंडक्टर होते, आणि कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, तेच नाव पुस्तकं छापून आल्यावरही टिकलं. चार कादंबऱ्या आणि तीन नाटकं लिहिली त्यांनी. पहिली कादंबरी आली तेव्हा डेपोत कुणाचा विश्वास बसेना. तिकिटं फाडणारा माणूस एवढं जाड पुस्तक लिहितो कधी, असं एका साहेबांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "साहेब, गाडी बंद पडली की."

मी कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट. मास्तरांचं अक्षर असं की त्यांचं त्यांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. म्हणून दर रविवारी दुपारी ते आमच्या घरी कागद घेऊन येत, वाचून सांगत आणि मी संगणकावर उतरवत असे. पंधरा वर्षं हे चाललं. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी मोठ्या टाइपात प्रत काढून देऊ लागले. ती ते कधीच तपासत नसत. "तुझी प्रत मी काय तपासू, बेटा? तू माझ्यापेक्षा नीट लिहितेस," म्हणत. हे कौतुक पुढे माझ्या गळ्याशी येणार होतं.

नाटकाचा पहिला प्रयोग असला की मास्तर थिएटरात बसत नसत. बाहेर सायकल स्टँडच्या लोखंडी पाइपला धरून उभे राहत. मला आत पाठवत आणि मध्यंतरात विचारत, "खोकला किती?" लोक कंटाळले की खोकतात, असा त्यांचा सिद्धान्त. धुळ्याच्या एका प्रयोगाला ऐन थंडीत अर्धं थिएटर खोकत होतं. मी खरं सांगितलं. मास्तर पाइप सोडून मटकन खाली बसले. गावभर सर्दीची साथ आहे हे त्यांना पटवता पटवता तिसरा अंक सुरू झाला.

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती. मास्तरांचा एक नियम होता. ज्या माणसाचं आयुष्य लिखाणात आलंय, त्याच्या घरी जायचं, समोर बसून ते प्रकरण मोठ्याने वाचायचं आणि शेवटी एकच विचारायचं, "ठेवू का काढू?" काढा म्हटलं की लाल पेनने तिथल्या तिथे रेघ. वाद नाही, विनवणी नाही. वाचन होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. जाताना त्यांचे हात थंडगार पडलेले असत.

धुळ्यात गाद्या भरणारे रफिकभाई होते. त्यांच्याकडे वाचायला गेलो तेव्हा मी बरोबर होते. रफिकभाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सब रखो मास्तर, बस मेरी बीवी को इतना गुस्सेवाली मत लिखो." पडद्यामागून भाभींचा आवाज आला, "कम लिखा है!" मास्तर त्या दिवशी तीन कप चहा प्यायले. परत येताना लहान मुलासारखे खूश होते.

मास्तर कुणाला प्रश्न विचारत नसत. नुसते गप्प बसत, आणि ती शांतता असह्य होऊन समोरचा बोलत सुटे. एका रविवारी मीही तशीच बोलून गेले. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी एका जिनिंगमध्ये राखणदार होते. तिथे कापसाला आग लागली, तेव्हा सगळे बाहेर आले असं समजून आबांनी गोदामाचं लोखंडी दार लावून घेतलं. भिकाकाका, आबांचे जिवलग, डबा आणायला परत आत गेले होते. त्यांनी आतून दार ठोकलं. कडी तापली होती. आबांनी तिला हात लावला नाही, माणसं बोलवायला पळाले. माणसं आली तोवर सगळं संपलं होतं. दार आपोआप अडकलं, असं सगळे समजले आणि आबांनी समजू दिलं. आई गेल्यावर आबांनी हे मला एकदा सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही.

दीड वर्षाने शेवटच्या कादंबरीचं चौदावं प्रकरण उतरवून घेताना माझी बोटं थांबली. नावं वेगळी होती, गाव वेगळं होतं, पण ती कडी तीच होती. मास्तर खाली मान घालून वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी आबांना वाचून दाखवू."

"नका मास्तर. ते मरून जातील."

"मग न वाचता छापू?"

"छापूच नका."

"ते तू नाही, ते सांगतील." आवाज अगदी मऊ होता, पण नियम तो नियम.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसत, येणारेजाणारे त्यांना नमस्कार करत. मला रोज वाटायचं, रविवारनंतर हे लोक नमस्कार करतील का? आणि आबा माझ्या तोंडाकडे बघतील का? कारण मास्तरांना ते मीच सांगितलं होतं. शेवटी शनिवारी मी ते केलं. प्रतीत दोन परिच्छेद बदलले. राखणदार कडी ओढतोय, ओढतोय, पण ती अडकून बसली आहे, असं लिहिलं. मास्तर प्रत तपासत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी मास्तर आले. आबा खुर्चीत, मास्तर समोर, मी दाराशी. वाचता वाचता ते त्या ओळीपाशी आले. "कडी अडकून बसली होती." थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग ते पुढे वाचू लागले, माझी खोटी वाक्यं, एकही न गाळता, स्वतःची असल्यासारखी.

शेवटी विचारलं, "आबा, ठेवू का काढू?"

आबांनी कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हाई खोटं शे, मास्तर. कडी अडकेल नव्हती. ठोकाना आवाज मी ऐका. मी घाबरी गऊ. हात लावा नही."

मास्तरांनी पेन माझ्यापुढे धरलं. "लिही बेटा. ते सांगतात तसं." मी ओळींच्या मध्ये आबांचे शब्द लिहिले. अक्षर इतकं वाईट आलं की मास्तरांच्याही अक्षराने लाजावं.

"आते ठेवा," आबा म्हणाले. "पन पहिले अक्काले वाची दखाडा. मी बी येसू."

अक्का म्हणजे भिकाकाकांच्या पत्नी. आगीनंतर त्या तान्ह्या मुलाला घेऊन सोनगीरला भावाकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. आम्ही तिघं धुळ्यावरून तिकडे गेलो. आबा खिडकीचा गज घट्ट धरून बसले होते. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. मला तर गाडी बंद पडावी असं वाटत होतं, पण ती नेमकी त्या दिवशी वेळेवर पोचली.

अक्का ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मास्तर वाचत होते आणि अक्कांचे हात चालू होते. कडीचा मजकूर आला तेव्हा हात थांबले. वाचन संपल्यावर त्यांनी मास्तरांकडे नाही, आबांकडे पाहिलं.

"कितली येळ ठोकं त्यानी?"

आबांची मान वर होईना. "माले माहीत नही, अक्का. मी पळी गऊ."

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. वाटलं, आता ही बाई ओरडेल, गाव गोळा करेल. आणि केलं तर चूक कुणाची म्हणायची? मास्तरांनी विचारायचं ते विचारलं.

अक्का म्हणाल्या, "काढी टाका, मास्तर. मन्हा पोरले मी सांगेल शे, तुन्हा बाप आगमा लोकेस्ना जीव वाचाडता गया. तो त्यावरच मोठा व्हयना."

मास्तरांनी लाल पेन काढलं. अकरा पानं होती. एकेका पानावर त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली, घाई न करता. अक्का आत गेल्या आणि चार कप चहा घेऊन आल्या. एक कप आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी कप उचलेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

परतीच्या गाडीत आबांना झोप लागली. मास्तर हळूच म्हणाले, "बेटा, चांगलं उतरलं होतं ना ते प्रकरण?"

"तुमच्या सगळ्या लिखाणात चांगलं, मास्तर."

"तुझी अडकलेली कडी सोडून," ते म्हणाले. मला रडू फुटलं. "रडू नको. तू भ्यालीस. मी काय कमी भितो? पण पुन्हा भीती वाटली तर माझ्यापाशी येऊन बोल, माझ्या कागदांत लपवू नको." घरी आल्यावर त्यांनी ती पानं स्वतःच्या हाताने चुलीत घातली आणि मी संगणकातलंही पुसलं. पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे आले, नव्या नाटकाचे कागद घेऊन. त्याही वेळी प्रत तपासली नाही. ती प्रत त्यांनी तशीच पिशवीत टाकली तेव्हा मला जितकी लाज वाटली, तितकी कुणी रागावल्यावरही वाटली नसती.

कादंबरी चौदाव्या प्रकरणाशिवाय आली. परीक्षणं बरी आली, पण शेवट भुसभुशीत आहे असं सगळ्यांनी लिहिलं. मास्तरांनी ती कात्रणं मला दाखवली नाहीत. ते नाटक अर्धं असतानाच छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना धुळ्याला नेलं, आणि चौथ्या दिवशी मास्तर गेले. मी पोचले तेव्हा बोलण्यासारखी वेळ उरली नव्हती.

धुळ्यातच शोकसभा झाली. आबा हट्टाने आले, माझ्या शेजारी बसले. एक प्राध्यापक फार चांगलं बोलले. मास्तरांची भाषा, एसटीतली माणसं, नाटकांतली शांतता, सगळं. मग म्हणाले, "एकच खंत आहे. शेवटच्या कादंबरीत आगीच्या प्रसंगाजवळ जाऊन लेखक मागे फिरला. तिथे त्याची हिंमत कमी पडली."

शेजारची खुर्ची वाजली. आबा काठीवर जोर देऊन उठू लागले होते. ओठ हलत होते. सभागृहातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला.

"बसा आबा," मी म्हटलं. "मास्तरांनी काढलंय ते."

आबा खाली बसले.