आपली ओळख नाही

शहरातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तिला सगळे लांबूनबाई म्हणत. कुणी चित्राजवळ नाक नेलं रे नेलं की दालनाच्या कोपऱ्यातून तिचा आवाज यायचा, "लांबून बघा, लांबून!" आणि चांगली धडधाकट माणसं दचकून मागं सरायची. या चित्रांमधलं तुम्हाला काय कळतं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मला राखायला ठेवलंय, समजायला नाही." पगारही राखण्याचाच होता, त्यामुळे तिची काही तक्रार नव्हती.

तिचे मिस्टर रंगारी. अर्ध्या शहराच्या भिंती त्यांच्या हाताखालून गेलेल्या. प्रकृती ठणठणीत असताना तिनं एकदा मोठ्या हौसेनं त्यांना आपल्या दालनातलं निळं चित्र दाखवायला आणलं होतं. भिंतभर निळा रंग, दुसरं काही म्हणजे काही नाही. त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अस्तर चांगलं बसलंय. रंग कधी लावणार?" ती कितीतरी दिवस आठवून आठवून हसायची.

मग त्यांचं एकेक हरवायला लागलं. आधी किल्ल्या, मग गल्ल्या, मग मुलीचं नाव. शेजारीण दिवसभर लक्ष ठेवायची, पण गॅस चालू ठेवून ते जिन्यात जाऊन बसले, तेव्हा तिनं हात टेकले. मुलगी परगावी, तिचंच तिला झालं होतं थोडं. बाहेरून कुलूप लावून जायचा प्रयोग लांबूनबाईनं एकदाच केला. परतल्यावर दाराला आतून नखांचे ओरखडे दिसले. त्यानंतर कुलूप तिनं पुन्हा हातात घेतलं नाही.

राहिलं संग्रहालय. तिथं दाराशीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की ही जागा साऱ्या शहराची आहे. या, बघा, बसा. तिकीट नाही, विचारपूस नाही. संचालिकाबाईंचा त्यावर मनापासून विश्वास होता. लोक येतही होते. कुणी चित्रं बघायला, कुणी उन्हातून टेकायला, कुणी भांडून आलेलं नुसतंच गप्प बसायला. अडचण एकच होती. कुणा रखवालदाराच्या मेव्हण्यानं गप्पांच्या भरात एका शिल्पाला कोपर मारलं होतं, तेव्हापासून कामावर घरचं माणूस सोबत दिसलं की नोकरी गेली, असा नियम झाला होता. म्हणजे साऱ्या शहराला मुभा आणि तिच्या नवऱ्याला तेवढी बंदी! नियम करणाऱ्यांचं डोकं कधीकधी खरंच कौतुक करण्यासारखं असतं.

तेव्हा ती रोज सकाळी कोपऱ्यावरच्या झाडाखाली त्यांची उजळणी घ्यायची.

"आत गेल्यावर आपली ओळख नाही. काय?"

"ओळख नाही."

"मी कोण?"

"रखवालदारीण."

"आणि तुम्ही?"

"बघायला आलेला माणूस."

मग ती मागच्या दारानं आत जायची आणि ते पुढच्या. निळ्या चित्रासमोरच्या बाकावर ते संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखे बसून राहायचे. दुपारी तिच्या जागी बदलीचं माणूस आलं की दोघं बाहेरच्या कट्ट्यावर डबा खायची, दोन परकी माणसं बसतात तसं मध्ये अंतर ठेवून. पहिल्या-पहिल्यांदा उजळणीच्या वेळी दोघांनाही हसू फुटायचं. अलीकडे मात्र ते हसत नव्हते. परवा तर घरी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, ते तिला म्हणाले, "बाई, उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील." दुखणं आपलं काम करतच होतं, पण आपणच रोज सकाळी त्याला मदत करतोय, असं तिच्या मनानं घेतलं.

त्या दिवशी महापालिकेची समिती यायची होती. या इमारतीत चित्रं ठेवायची की कचेऱ्या, लोकांना याचा उपयोग तरी काय, हे ठरवायला. संचालिकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि मुख्य पर्यवेक्षक, ज्यांना त्यांच्या कडक इस्त्रीमुळे सगळे परीटघडी म्हणत, ते सकाळपासून दालनांतून भिरभिरत होते.

"आज बाकावर पेंगणारं कुणी दिसता कामा नये," ते तिला म्हणाले. "आणि बदली आल्याशिवाय दालन सोडायचं नाही. आभाळ कोसळलं तरी."

ती हो म्हणाली. बाकावर मिस्टर ताठ बसले होते, डोळे टक्क उघडे. तिनं मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली.

जिन्यावर पावलं वाजली. समिती वर येत होती. तिनं क्षणभर दाराकडे पाहिलं आणि तेवढ्यात मिस्टर बाकावरून उठले. चित्राजवळ गेले. रंग वाळला का ते रंगारी बघतात तसं, ठसा उमटू नये म्हणून बोटांची मागची बाजू त्यांनी हलकेच निळ्यावर टेकवली.

"लांबून!" तिचा आवाज चिरकला. धोक्याचा भोंगा सुरू झाला. परीटघडी धावत आले. त्यांनी आधी चित्र निरखलं. चित्राला काही झालं नव्हतं. मग त्यांनी मिस्टरांचं मनगट धरलं.

"आजोबा, कुणाबरोबर आलात?"

मिस्टरांनी परीटघडींकडे पाहिलं. मग तिच्याकडे. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"एकटाच. या बाईंना मी ओळखत नाही."

"त्यांचं कुणी विचारलं तुम्हाला?"

तिनं चटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. पण परीटघडींना समितीची घाई होती. त्यांनी दारावरच्या शिपायाला हाक मारली. "बाहेर सोड यांना. पुन्हा आत घ्यायचं नाही." शिपाई मिस्टरांना दंडाला धरून घेऊन गेला. जिन्यावर संचालिकाबाई समितीला सांगत होत्या, की इथून कुणालाही परत पाठवलं जात नाही. त्यांना वाट द्यायला शिपाई भिंतीला चिकटून उभा राहिला.

बदली आली नव्हती. ती खिडकीशी धावली. खाली फुटपाथवर मिस्टर उभे होते. घराची वाट डावीकडे. ते उजवीकडे वळले, मोठ्या रस्त्याकडे, आणि मोटारींच्या रांगेपाशी जाऊन एक पाय खाली टाकून थबकले. नोकरी गेली तर दोघांनी खायचं काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खरंच आपल्याला ओळखलं नाही, हेही तिला तेवढंच पक्कं वाटलं. ज्याला आपण आठवतही नाही त्याच्यासाठी हे सगळं घालवायचं का, असा एक दुष्ट विचार येऊन गेला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

समितीची माणसं दालनात शिरत होती. त्यांच्यामधून वाट काढत ती सुटली.

"मावशी! दालन सोडून कुठं?" परीटघडी मागून ओरडले आणि तिच्या पाठोपाठ जिना उतरले.

मिस्टरांचा दुसरा पायही रस्त्यावर पडला तेव्हा तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही पकडली. गाडीवाला शिव्या देत निघून गेला. परीटघडी धापा टाकत येऊन पोचले.

"हे कोण तुमचे?"

"माझे मिस्टर. रोज येतात. मीच आणते."

परीटघडींनी हात पुढे केला. म्हणाले, "बिल्ला द्या इकडे." तिनं छातीवरचा बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. ते परत गेले.

मिस्टर तिच्याकडे बघत होते. कपाळाला आठ्या घालून, पूर्वी ती त्यांनी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला टेकून ओला रंग खराब करायची तेव्हा बघायचे तसे.

"काय गं तू," ते चिडून म्हणाले. "मी सगळं नीट लक्षात ठेवलं होतं. तूच विसरलीस."