चौथ्या फेरीतला गॅप

मला फुटबॉल आवडत नाही. इथे जर्मनीत पोरंटोरं मैदानामैदानावर खेळतात तोही नाही आणि ज्याच्या जिवावर माझी नोकरी चालते तो अमेरिकनही नाही. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या आडदांड माणसांचे आकडे मांडायचं काम मी धरलं, कारण दुसरं कुणी काही देत नव्हतं.

नवरा नेकारसुल्मच्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाज्यांचं डिझाइन करतो. त्याच्यामागोमाग मी पुण्यातली संख्याशास्त्रातली चांगली नोकरी सोडून आले. वर्षाच्या आत मुलगी झाली, तीही आठव्या महिन्यात. पुढची चार वर्षं फुप्फुसांचे डॉक्टर, वाफेचं मशीन आणि पाळणाघरातून ‘ताबडतोब घेऊन जा’ म्हणून येणारे फोन, यात गेली. मुलगी बरी झाली, आणि मी अर्ज करायला बसले.

प्रत्येक मुलाखतीत समोरच्याचं बोट एकाच ओळीवर येऊन थांबायचं. “आल्झो, इथे एक ल्युके दिसते.” ल्युके म्हणजे फट. यांच्या लेबेन्सलाउफमध्ये, म्हणजे आपल्या बायोडेटात, महिन्याला महिना जुळून यावा लागतो. मध्ये फट दिसली की लगेच भुवया वर. मी मुलीच्या आजारपणाचं खरं सांगायचे. माना सहानुभूतीने डोलायच्या आणि आठवड्याने नकार यायचा.

पण जर्मनांना कशाला नावं ठेवू? हे बाळकडू मी घरूनच पिऊन आले होते. माझ्या आतेभावाला बारावीनंतर कावीळ झाली आणि त्याचं वर्ष बुडालं, तर आत्या वर्षभर त्याला एकाही लग्नाला घेऊन गेली नाही. लोक विचारतील, काय सांगायचं? पुढच्या वर्षी प्रवेशासाठी गॅप सर्टिफिकेट लागलं. नोटरीकडे जाऊन त्या बिचाऱ्याने लिहून दिलं की या काळात मी कुठे प्रवेश घेतला नाही आणि कोणतंही गैरकृत्य केलं नाही. आजारी पडलेल्या पोराने गैरकृत्य केलं नाही म्हणून शपथ घ्यायची, आणि यात काही विचित्र आहे असं आमच्या घरात एकालाही वाटलं नाही. मलाही नाही.

शेवटी नवरा म्हणाला, “अगं, ‘स्वतंत्र सल्लागार, डेटा’ असं लिहून टाक ना त्या चार वर्षांपुढे. कोण बघायला येतंय? सगळे लिहितात.”

मी लिहिलं. त्या चार वर्षांत मी कुणाला कसला सल्ला दिला नव्हता. सल्ले सासूबाई द्यायच्या, फोनवरून, ओव्याच्या धुरीचे. पण पुढच्याच मुलाखतीत ते बोट त्या ओळीवरून सरळ खाली घसरलं आणि मला नोकरी मिळाली. व्यावसायिक संघ, पगारी खेळाडू, कचेरी मात्र फर्निचरच्या दुकानामागे, मलमाच्या वासाने भरलेली. करार बेफ्रिस्टेट, म्हणजे एका हंगामापुरता. डायरेक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, “ड्राफ्ट नीट पार पाडा, मग उनबेफ्रिस्टेट करू.” कायमची नोकरी! चार वर्षं फट म्हणून वावरलेल्या बाईला हा शब्द काय वाटतो ते दुसऱ्याला कळायचं नाही. मला ती नोकरी हवी होती. काहीही करून हवी होती.

ज्याने बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या भोगल्या आहेत त्याला ड्राफ्ट समजावून सांगायला नको. नव्या खेळाडूंची एक सामाईक यादी असते. संघ आळीपाळीने एकेकाला उचलतात. गेल्या वर्षी जो तळाला होता त्याची पाळी आधी. आपण कुणाला उचलायचं यापेक्षा बाकीचे कुणाला उचलणार आहेत, कोण आपल्यापर्यंत शिल्लक राहणार आहे, हा खरा हिशेब. पसंतीक्रम भरताना आमच्या पिढीने हेच तर केलं. वरचं कॉलेज आधी लिहायचं की खात्रीचं, यावर घराघरांत रात्रंदिवस खल चालायचा. मी त्यात तरबेज होते. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे फॉर्म मी भरून दिले होते.

आमच्या संघाची अडचण उघड होती. चेंडू फेकणाऱ्याच्या डाव्या बाजूला, त्याच्या नजरेआड, एक भिंतीसारखा गडी लागतो. त्याने चेंडूला हात लावायचा नाही, फक्त येणाऱ्याला अडवायचं. तो गडी आमच्याकडे नव्हता. डायरेक्टरांना तो पहिल्याच फेरीत घ्यायचा होता. मी म्हटलं, अजिबात नाही. बाकीचे संघ आधी पळणाऱ्यांच्या आणि झेलणाऱ्यांच्या मागे लागतील, कारण तिकिटं त्यांच्यावर खपतात. भिंती चौथ्या फेरीपर्यंत तशाच पडून राहतील. तोवर आपण इतर तीन चांगले उचलू. आणि माझी यादी तयार होती: वेग, ताकद, किती सामने, किती चुका. त्याला मी माझ्या मनाने एक रकाना जोडला होता, सातत्य. जितके महिने खेळाडू कुठल्याही क्लबात नव्हता, तितके गुण वजा. हा रकाना जोडताना मला क्षणभरही थांबावंसं वाटलं नाही.

ड्राफ्ट शनिवारी दुपारी होता. कचेरीतल्या टेबलावर ब्रेझलची, म्हणजे खारट वळ्यांच्या पावाची, टोपली, पडद्यावर बाकीच्या संघांचे चौकोनी चेहरे, प्रत्येक निवडीला तीन मिनिटं. तीन फेऱ्या मी म्हटलं तशाच पडल्या. दुसऱ्या फेरीत लागोपाठ दोन संघांनी पळणारेच उचलले तेव्हा डायरेक्टरांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. बघा म्हटलं, बाईला फुटबॉल कळत नाही म्हणत होतात ना.

चौथ्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा भिंतीच्या जागेसाठी दोघे शिल्लक होते. एकाचं सगळं स्वच्छ, सलग पाच हंगाम. दुसरा ताकदीने चांगलाच वरचढ, पण मध्ये दीड वर्ष कोरडं. सातत्याच्या रकान्याने त्याला खाली ढकललं होतं.

आमचे लाइनचे, म्हणजे अडवणाऱ्यांच्या रांगेचे, कोच साठीला टेकलेले. मला चेष्टेने फ्राऊ प्रोफेसर, म्हणजे प्रोफेसरबाई, म्हणायचे. ते उठले आणि त्या दुसऱ्याचा फॉर्म त्यांनी माझ्यासमोर ठेवला. शेवटच्या चौकटीत, शेऱ्यांसाठी असते त्या, त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. वडिलांना पक्षाघात झाला. घरी दुसरं कुणी नसल्यामुळे दीड वर्ष त्यांची शुश्रूषा केली.

“फ्राऊ प्रोफेसर, हा गडी घ्या,” कोच म्हणाले. “बापाला उचलून आंघोळ घालणाऱ्याचे पाय बघितलेत का कधी? मी त्याचा सराव पाहिलाय. हाच.”

दीड मिनिट उरलं होतं. डायरेक्टर माझ्याकडे वळले. “खरं असेल हे?”

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मला वाटलं, हा थापा मारतोय. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, तसं मी त्याला ओळखलं. मी सल्लागार लिहिलं, याने बाप लिहिला. रिकाम्या वर्षाला काहीतरी झूल घालावीच लागते, याला जरा जास्त चांगली सुचली. आणि त्याच्या आत आणखी एक भीती होती. फट असली तरी चालते असं मी आज बोलले, तर उद्या कुणीतरी माझा बायोडेटा उघडून बसेल.

“मोकळ्या वर्षाला लोक काहीतरी नाव देतातच,” मी म्हटलं. “माझी यादी पहिल्याला वर ठेवते.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” डायरेक्टर म्हणाले, आणि आम्ही स्वच्छवाल्याला उचललं. पुढच्याच संघाने, वीस सेकंदही न लावता, दुसऱ्याला घेतलं. कोचनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. त्या दिवसापर्यंत मी फ्राऊ प्रोफेसर होते. सोमवारपासून ते मला आडनावाने हाक मारायला लागले. इथे तो अपमान नसतो, चांगली रीतच असते. मला मात्र तो बरोबर लागला.

आमचा स्वच्छवाला तिसऱ्या आठवड्यात गेला. त्याच्या काकांच्या बांधकामाच्या धंद्यात त्याला जागा मिळाली आणि त्याने रीतसर पत्र लिहून राजीनामा दिला. पाच हंगाम सलग खेळलेल्या माणसाला कंटाळा येऊ शकतो, हे माझ्या एकाही रकान्यात नव्हतं.

उन्हाळ्यात त्या दुसऱ्या संघाशी आमच्या मैदानावर सामना झाला. नवरा मुलीला घेऊन आला होता. दुपारभर आमचा फेकणारा गवतावर लोळत होता. डाव्या बाजूने जो तो यायचा आणि त्याला आडवा करायचा. त्यांच्या फेकणाऱ्याच्या कपड्यांना मातीसुद्धा लागली नाही. त्याच्या डाव्या अंगाला तो उभा होता, दीड वर्षाच्या फटीचा माणूस. मुलीने माझी बाही ओढून जर्मनमध्ये विचारलं, “आई, तो माणूस आपल्या बाजूने का नाही?” मी तिला म्हटलं, गप बस आणि ब्रेझल खा.

सामना संपल्यावर खेळाडू आणि घरचे लोक भाजलेल्या सॉसेजच्या ठेल्यापाशी जमले. तो केस ओले, हातात लिंबूपाण्याची बाटली असा माझ्याकडे आला. ड्राफ्टआधी मी व्हिडिओवर सगळ्यांशी पाच-पाच मिनिटं बोलले होते, त्यामुळे चेहरा त्याच्या लक्षात होता. मला वाटलं, आता हा मला सुनावणार. कोच दोन पावलांवर उभे होते.

“तुम्हाला एक विचारू का?” तो म्हणाला. रागाचा मागमूस नव्हता. “पुढच्या वर्षी माझा करार संपतो. परत फॉर्म भरावा लागेल. त्या शेवटच्या चौकटीत मी वडिलांचं लिहिलं होतं. ते जास्त झालं का? तुम्ही याद्या करता, म्हणून तुम्हाला विचारतोय. तिथे काय लिहायला हवं होतं?”

मी सांगू शकले असते. काही चुकलं नाही तुमचं, मी विश्वास ठेवला नाही. एवढं एक वाक्य, आणि माझं जर्मन तेवढं चांगलं आहे.

“‘स्वतंत्र प्रशिक्षक’ असं लिहा,” मी म्हटलं. “सगळे लिहितात.”

तो गोंधळला. त्याने बाटली या हातातून त्या हातात घेतली. “पण मी तर वडिलांजवळ होतो,” तो म्हणाला.

“हो, हो, ते ठीक आहे,” मी म्हटलं, “पण कागदावर.” तो आभार मानून गेला. आभार मानले त्याने माझे! कोचनी सगळं ऐकलं होतं. ते कागदी बशी कचऱ्यात टाकून त्याच्या मागोमाग गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी विचारायला लागले.

हंगामात आम्ही पुन्हा खालून दुसरे आलो. बैठकीत कुणाच्या तरी गळ्यात हे घालायला हवं होतं. माझे रकाने पडद्यावर सुबक दिसत होते आणि कोचच्या हातात दाखवायला काही नव्हतं, फक्त ‘मी म्हटलं होतं’ एवढंच. ते त्यांनी म्हटलंही नाही. त्यांचा करार वाढवला नाही. माझा उनबेफ्रिस्टेट झाला.

सही घ्यायला पर्सोनालच्या, म्हणजे एचआरच्या, बाई बसल्या होत्या. करारासोबत एक वेगळा कागद होता: माझा लेबेन्सलाउफ पूर्ण आणि खरा आहे, असं मी याद्वारे जाहीर करते. बाईंनी प्रत शेजारी ठेवली होती. त्या चार वर्षांपुढे छान ठळक अक्षरांत होतं, स्वतंत्र सल्लागार, डेटा.

मी सही केली. बाईंनी हात मिळवला, अभिनंदन केलं. घरी नवऱ्याने पेढे म्हणून मार्झिपान आणलं होतं, सासूबाईंनी फोनवरून आशीर्वाद दिले. मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली, दमा गेलेली, चांगली जड झालेली. त्या माणसाने निदान आपल्या बापाचं नाव कागदावर ठेवलं. माझी मुलगी माझ्या आयुष्याच्या कागदावर कुठेच नाही, आणि खाली माझी सही आहे.