देवांसाठी वळवलेला ट्रक

आपण द्वारकेला जातोय, असं वडिलांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, जेवायला घरी येऊ. नाशकात आग्रा रोडवर द्वारका नावाचा चौक आहे, आमच्या चाळीपासून चालत जाण्याएवढा. तिथं जायला गाद्या, स्टो, माझी पाचवीची पुस्तकं आणि आईचे सगळे देव ट्रकमध्ये का चढवताहेत, हे मला समजेना. विचारायचीही सोय नव्हती. आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाला ‘कळेल’ एवढंच उत्तर मिळायचं.

वडील ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या एका शेडमध्ये कामाला होते. लोकांच्या गाड्यांना लाकूड ठोकून झालं, आता स्वतःसाठी ठोकतो, म्हणून त्यांनी एक जुना ट्रक घेतला आणि त्याच्या हौद्यात घर बांधलं. दोन्ही अंगांना बाकं, बाकांच्या पोटात धान्याचे डबे, पाण्याचं पिंप, वर ताडपत्री, आणि दोन्ही बाजूंना एकेक वीतभर खिडकी. अख्खा देश बघायचा होता त्यांना. चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आई हसायची, पण ते हसू उसनं आहे हे मलाही दिसायचं. दोन अटींवर ती ट्रकमध्ये चढली. दिवाळीला घरी यायचं, ही पहिली. दुसरी देवांची.

पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला हवं, हा आईचा नेम. देव्हारा केबिनकडच्या फळीवर स्क्रूने पक्का बसवलेला. म्हणजे ट्रकचं नाक पूर्वेला असलं तरच आईचं तोंड पूर्वेला. झालं, रोज संध्याकाळी मुक्कामाच्या जागी वडिलांची वळवावळव सुरू. कधी मागची चाकं बाभळीत घुसायची, कधी पुढची बांधावर चढायची. एकदा तर ट्रक उतारावर असा उभा राहिला की आम्ही तिघं झोपेत एकमेकांच्या अंगावर घरंगळत होतो. ‘देव जागचे हलत नाहीत, मलाच नाचवतात,’ असं वडील कुरकुरायचे. पण वळवायचे.

आम्ही चाललो होतो पश्चिमेला. त्यामुळे संध्याकाळी ट्रक घराकडे तोंड करून उभा राहायचा आणि सकाळी पुन्हा उलटा फिरायचा. झोपताना मला वाटायचं, उद्या घरी. सकाळी ते खोटं ठरायचं. आमचं घर पुढे आहे की मागे, की आम्ही बसलोय तेच घर, याचा मला पत्ताच लागत नव्हता.

वाटेत कुणाच्या ट्रकची फळी मोडलेली दिसली की वडील थांबायचे. काम मिळायचं, मुक्काम लांबायचा. अशात दिवाळी राजकोटच्या अलीकडेच आली. आईनं ट्रकच्या मागे जमिनीवर रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ती रांगोळी रस्त्याकडेला एकटी उरली. आई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. वडिलांनी दिवाळीला घरी जायचा विषयच काढला नाही.

पौषातल्या एका सकाळी गच्च धुकं पडलं. सकाळच्या प्रवासात ऊन पाठीवर आलं की बरोबर चाललोय, ही वडिलांची रीत. त्या दिवशी ऊनच नव्हतं. धुकं विरलं तरी आभाळ भरलेलंच राहिलं. मी आईबरोबर मागे हौद्यात बसले होते. खिडकीतून एक बाभूळ गेली, तिच्या शेंड्याला छत्रीचा सांगाडा अडकला होता. ही छत्री एवढ्या वर चढली कशी, याचा मी आदल्या दिवशीच बराच वेळ विचार केला होता.

“आई, हे कालचंच झाड.”

आई खिडकीपाशी आली. तिनं ते झाड नीट, मान वळवून पाहिलं. मग म्हणाली, “झाडं सगळीकडे सारखीच असतात.”

छत्रीचं काय, मी विचारलं. छत्र्याही सारख्याच असतात म्हणाली. मग एक चुना दिलेली विहीर गेली, निळ्या पायऱ्यांचं देऊळ गेलं. तीही मी पाहिलेली होती. पण आईनं सांगितल्यावर ती पाहिलेली कशी असतील? मी हळूच कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

दुपारी रेल्वेचं फाटक लागलं. ते बंद होतं. आदल्या दिवशी ज्याच्याबरोबर वडिलांनी चहा घेतला होता तोच फाटकवाला पुढे आला आणि त्यानं विचारलं, काय विसरलात? वडील खाली उतरले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मागच्या रस्त्याकडे पाहिलं. सकाळी ट्रक फिरवायचाच राहिला होता. ते मागे आले आणि त्यांनी हौद्याची मागची झडप, फाळका, खाली पाडला.

“तुला कळलं नव्हतं?”

“कळलं होतं,” आई म्हणाली. “दिवाळीला घरी, म्हणाला होतात. मी भांडले नाही. आज गाडीच आपणहून घराकडे निघाली, तर मी तिला कशाला अडवू?”

वडील फाळक्यावर बसून राहिले. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ट्रक फिरवायला जागा भरपूर होती. वडील उठून केबिनमध्ये चढले. ट्रक आता वळेल म्हणून मी बाक घट्ट धरून बसले. तो वळला नाही. रुळांवरून खडखडत सरळ पलीकडे गेला. आईनं एका हातानं देव्हारा धरून ठेवला होता.

त्या संध्याकाळी काहीच वळवावं लागलं नाही. ट्रक उभा राहिला तेव्हा त्याचं नाक पूर्वेलाच होतं. आज देव आधीच जागेवर आहेत, असं वडील म्हणाले. ते रागावलेत की हसताहेत, हे मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही. पुढे कधीच त्यांनी द्वारकेचं नाव काढलं नाही.

दिवा लावून झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली.

“ते झाड तेच होतं गं,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुला बरोबर दिसलं होतं.”

मला रडू फुटलं. आपण घरी चाललो म्हणून मला आनंद झाला होता, आणि बाहेर वडील एकटेच चाकांना दगड लावत होते.